वर्षअखेरचे वर्गप्रकल्प: सहावी ते आठवीच्या शिक्षकांनी या चुका टाळाव्यात

दरवर्षी मार्च महिना अर्धा सरला की आमच्या केंद्रातील, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटातील, नव्याने रुजू झालेल्या शिक्षकांचे फोन येऊ लागतात आणि प्रत्येकाची विचारणा साधारण एकच असते: सातवीसाठी आठ दिवसांत पूर्ण होईल, भिंतीवर चांगला दिसेल आणि निकालाच्या दिवशी पालकांना दाखवता येईल असा एखादा प्रकल्प सुचवा. मी बीड जिल्ह्यातील एका उच्च प्राथमिक शाळेत विज्ञान आणि भूगोल शिकवतो. या विचारणेला आता माझे उत्तर ठरलेले आहे. आठ दिवसांत पूर्ण होणारा प्रकल्प मुले करत नाहीत, तो दुकानदार करतो किंवा घरातील मोठी माणसे करतात, आणि त्यावर मुलाचे नाव लिहिले जाते.

२० ऑगस्ट २०१० च्या शासन निर्णयाने सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले, तेव्हा आकारिक, म्हणजे वर्षभर वर्गात चालणाऱ्या, मूल्यमापनाच्या साधनांत प्रकल्पाला स्वतंत्र स्थान मिळाले. ‘सातत्यपूर्ण’ हा शब्द त्या नावात उगाच आलेला नाही. तरीही बहुतेक शाळांत प्रकल्पाची आठवण होते ती आकारिक नोंदी पूर्ण करायची वेळ आल्यावर. २०२५ मध्ये वार्षिक परीक्षांचे वेळापत्रक राज्यभर एकसारखे करण्यात आले आणि परीक्षा एप्रिलच्या अखेरच्या आठवड्यापर्यंत गेल्या. त्यामुळे परीक्षा आणि १ मेचा निकाल यांच्यामध्ये जो मोकळा वेळ पूर्वी मिळत असे, तो आता जवळजवळ राहिलेला नाही. वर्षअखेरचा प्रकल्प वर्षअखेरीस सुरू करणे ही पूर्वी चूक होती. आता ते शक्यही नाही.

निरीक्षणाचा प्रकल्प असेल तर तो दिवाळीच्या सुट्टीनंतर लगेच सुरू करावा. गावातील एखाद्या विहिरीची पाण्याची पातळी दर महिन्याच्या एका ठरलेल्या तारखेला मोजली, तर नोव्हेंबर ते एप्रिल अशा सहा नोंदी हाती येतात आणि सहा नोंदींवर आलेख काढता येतो. राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते, म्हणजे आपल्या मुलांच्या वहीत तिच्यापेक्षा दाट नोंदी येतात. पाणी विहिरीच्या काठापासून किती खाली आहे ते मोजायचे असते, पाणी किती खोल आहे ते नव्हे, हा फरक पहिल्याच दिवशी दोर हातात देऊन समजावून सांगावा. कठडा नसलेली विहीर निवडू नये. दोर मोठ्या माणसाने सोडावा, मुलांनी चार पावले मागे राहून गाठी मोजाव्यात आणि लिहाव्यात. या बाबतीत मी कोणाचेही ऐकून घेत नाही.

ठरलेली वेळ मोडणे आणि उत्तर आधीच सांगून टाकणे

या दोन चुका मी स्वतः एकाच वर्षी केल्या आणि म्हणून त्यांच्याविषयी सविस्तर लिहितो.

काही वर्षांपूर्वी सातवीच्या मुलांना मी दुपारच्या सावलीचा प्रकल्प दिला होता. शाळेच्या अंगणात एक मीटर उंचीची काठी ओळंब्याने सरळ उभी करायची, मध्यान्हीच्या सुमारास तिची सावली मोजायची आणि ती एप्रिलअखेरपर्यंत कशी आखूड होत जाते हे नोंदवायचे, इतकी साधी ती मांडणी होती. आमच्या भागात सूर्य बरोबर डोक्यावर येतो तो मेच्या मध्याला. त्या वेळी शाळेला सुट्टी असते, म्हणून शून्य सावलीचा दिवस स्वतः पाहता आला नाही तरी त्याच्याकडे सरकणारी सावली मुलांना मोजता यावी, असा माझा हेतू होता. १५ मार्चच्या आसपास मुलांनी साडेबारा वाजता घेतलेली पहिली नोंद ३९ सेंटिमीटरची होती आणि ती अगदी बरोबर होती.

मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात उन्हामुळे शाळा सकाळची झाली. साडेबाराला शाळेत कोणी उरत नव्हते, तेव्हा मी फारसा विचार न करता मुलांना सांगितले की यापुढे सावली अकरा वाजता मोजा. एप्रिलच्या पहिल्या दिवशी अकरा वाजता ती सावली ५० सेंटिमीटर भरली. मुलांच्या आलेखावरची रेषा खाली येण्याऐवजी वर चढली होती. सावली कमी कमी होत जाणार आहे, असे मी पहिल्याच तासाला फळ्यावर लिहून ठेवले असल्यामुळे गटातील दोन मुलांनी ठरवले की मोजण्यातच आपली चूक झाली असावी. त्यांनी ५० खोडून ३४ लिहिले, पुढच्या दिवसाला ३३, त्याच्या पुढच्याला ३२, आणि अशा रीतीने पंधरा दिवसांचा एक सुंदर उतरता आलेख तयार केला. तो मी वर्गात कौतुकाने दाखवला. त्याच गटातील एका मुलीने मधल्या सुट्टीत येऊन मला तिची स्वतंत्र वही दाखवली. तिच्यात १५ एप्रिलच्या पानावर ४२ लिहिलेले होते आणि शेजारी ‘सर म्हणाले तसे येत नाही’ असे वाक्य होते.

तिचीच नोंद खरी होती. आमच्या रेखांशावर सूर्य सर्वांत उंच येतो तो घड्याळात बारा वाजता नव्हे, तर मार्चच्या मध्यात साडेबारा उलटल्यावर आणि एप्रिलच्या मध्यात बारा वाजून सत्तावीस मिनिटांच्या सुमारास, कारण भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावरून ठरते आणि बीड त्याच्या सुमारे पावणेसात अंश पश्चिमेला आहे. दर अंशामागे चार मिनिटे धरली की हा सत्तावीस मिनिटांचा फरक कळतो, आणि तो सातवीच्या मुलांना स्वतःला काढता येतो. अकरा वाजता सूर्य अजून पूर्वेकडे झुकलेला असतो, म्हणून १५ एप्रिलला अकराच्या सावलीची लांबी ४२ सेंटिमीटर येते, तर खऱ्या मध्यान्हीची सावली केवळ १६ सेंटिमीटरच्या आसपास असते. वेळ बदलली की मोजमाप बदलते, एवढी गोष्ट मी मुलांना सांगितली नव्हती. त्याहून गंभीर चूक ही की उत्तर आधीच देऊन मी त्यांच्यावर खोटे आकडे लिहिण्याची पाळी आणली. त्या दोन मुलांना मी रागावलो नाही, कारण त्यांनी माझ्या फळ्याशी जुळवून घेतले होते.

त्यानंतर मी दोन सवयी लावून घेतल्या आहेत. पहिली अशी की घड्याळावर विसंबायचे नाही. सव्वाबारा ते पाऊण या वेळात दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाशी खडा ठेवायचा आणि काठीच्या सर्वांत जवळचा खडा मोजायचा. शाळा सकाळची झाली की काठी शाळेजवळ राहणाऱ्या तीन मुलांच्या घरी जाते, आईवडिलांना आधी सांगितलेले असते, आणि मुले डोक्याला रुमाल बांधून आठवड्यातून केवळ एकच दिवस नोंद घेतात. दुसरी सवय अशी की अपेक्षित उत्तर मी फळ्यावर लिहीत नाही, आणि वहीतील आकडा खोडण्याची परवानगी कोणालाही देत नाही. चुकीचा वाटणारा आकडा तसाच ठेवायचा आणि शेजारी कारण लिहायचे. खोडरबर प्रकल्पाच्या वहीजवळ येऊ द्यायचेच नाही, असे मी नव्या शिक्षकांना आवर्जून सांगतो. आलेख सरळ यावा म्हणून अधीर होणारे शिक्षक मी पुष्कळ पाहिले आहेत. वाकडा आलेख घेऊन मुलांबरोबर एक तास बसण्याची त्यांची तयारी नसते, आणि विज्ञान शिकवण्याची संधी नेमकी त्या तासात असते.

उशिरा परतलेल्या मुलांना किरकोळ कामाला लावणे

आमच्या भागात ही चूक सर्वत्र होते. दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी गेलेली कुटुंबे कारखान्यांचा गळीत हंगाम संपला की होळी-पाडव्याच्या दरम्यान गावी परततात आणि त्यांच्याबरोबर मुलेही वर्गात येतात. तोवर गट पडलेले असतात, विषय वाटलेले असतात, तक्ते अर्धे झालेले असतात. मग या मुलांना कागद कापणे, खळ लावणे, टेबले उचलणे अशी कामे सोपवली जातात आणि आकारिक नोंदीत त्यांच्या नावापुढे ‘सहभाग घेतो’ असे लिहिले जाते. मीही एका वर्षी एका मुलाला तक्त्याच्या कडा कापायला बसवले होते. त्याची आई निकालाआधी शाळेत आली आणि एवढेच म्हणाली, “गुरुजी, त्याच्या हातचं काहीच दिसंना भिंतीवर.” तिला देण्यासारखे उत्तर माझ्याजवळ नव्हते.

त्या मुलाचा गट ‘आपल्या परिसरातील नद्या’ या विषयावर पाठ्यपुस्तकातील नकाशा मोठा करून काढत होता. तो मुलगा तर बीडहून सांगलीकडे ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून गेला आणि परत आला होता. मी त्याला फक्त एवढे विचारले की वाटेत पूल कुठे कुठे लागले. मांजरा, सीना आणि पंढरपूरजवळची भीमा त्याने क्रमाने सांगितली, कोणत्या नदीला त्या महिन्यात पाणी होते आणि कोणती कोरडी होती तेही सांगितले, आणि उसाच्या फडापर्यंतची वाट कागदावर काढून दिली. वर्गातील इतर मुलांनी त्यातील एकही नदी पुलावरून पाहिलेली नव्हती. पाठ्यपुस्तकातील नकाशावर त्या मुलाची वाट लाल पेन्सिलने आखली गेली आणि त्या वर्षीचा सर्वांत चांगला तक्ता तो ठरला.

तेव्हापासून मी नोव्हेंबरमध्ये गट पाडताना प्रत्येक गटात एक जागा स्थलांतरित मुलासाठी नावासह राखून ठेवतो आणि जाणाऱ्या मुलाच्या दप्तरात एक छोटी वही देतो. त्यात रोज लिहिण्याची सक्ती नसते. गावांची नावे, वाटेतील नद्या, फडातील कामाचे शब्द, कोयत्याने ऊस कसा तोडला जातो, मोळी कशी बांधली जाते, बैलगाडी किंवा टायरगाडी कारखान्याच्या काट्यावर किती वेळ थांबते, असे जे दिसेल ते लिहायचे. काही वह्या कोऱ्या परत येतात. त्या मुलांबरोबर बसून तोंडी माहिती घ्यावी आणि दुसऱ्या मुलाने ती त्याच्या नावाने लिहावी. हंगामी वसतिगृहात गावीच राहिलेल्या मुलांना आईवडिलांशी फोनवर बोलून हीच वही भरता येते.

तयार प्रकल्प विकत आणणे

याविषयी फार लिहीत नाही, कारण ज्यांना ही सवय आहे त्यांना ती चूक आहे हे माहीत असते. ज्वालामुखी, सूर्यमाला आणि पर्जन्यजलसंधारण यांच्या तयार प्रतिकृती दुकानात मिळतात. त्या आणणाऱ्या मुलाला मी गुणही देत नाही आणि रागावतही नाही, फक्त प्रतिकृती उलटी करून ‘हा भाग इथे का आहे’ असे विचारतो. थर्माकोलचा वापर तर पूर्ण थांबवावा. २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेने राज्यात थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आली, तरीही पर्यावरणाच्या प्रकल्पात थर्माकोलची झाडे दिसतात. जुने पुठ्ठे, माती, ज्वारीची धांडे आणि सुतळी यांतून सगळे काही उभे राहते, आणि धांडे कापून जोडताना मुलांना कोन आणि माप हाताने कळतात.

आणखी काही चुका

आठ-आठ मुलांचे गट करू नयेत, चार पुरेत. आठांत दोघे काम करतात आणि सहा जण पाहतात.

शाळेच्या हस्तलिखित अंकातील सगळा मजकूर सुवाच्य अक्षराच्या एकाच मुलीकडून उतरवून घेऊ नये. ज्याचे पान त्याच्याच अक्षरात असावे, ते कसेही असले तरी.

रांगोळी मुलींनी काढायची आणि मंडप मुलांनी उभारायचा, अशी वाटणी करू नये. मी चिठ्ठ्या टाकतो.

सातवीच्या किंवा आठवीच्या निरोप समारंभासाठी मुलांकडून वर्गणी गोळा करू नये. ज्याच्या घरी पैसे नाहीत ते मूल त्या दिवशी शाळेत येत नाही.

गुण सजावटीला देऊ नयेत. मी प्रकल्पावर एकही चमकी नसेल अशी अट घालतो; सहकाऱ्यांना ती कडक वाटते, पण त्यानंतर मुलांचा वेळ मजकुरावर जातो हे मी वर्षानुवर्षे पाहिले आहे.

शेवटची चूक अशी की निकाल लागला की प्रकल्प कपाटामागे टाकले जातात आणि जूनमध्ये रद्दीत जातात. तक्ते मुलांना घरी द्यावेत, पण निरीक्षणाच्या वह्या शाळेत जपून ठेवाव्यात आणि पुढच्या वर्षीच्या वर्गाच्या हाती द्याव्यात. सावलीची वही मी आता सहावीतून सातवीत येणाऱ्या मुलांना जूनमध्ये शाळा उघडली की पहिल्याच आठवड्यात देतो. सूर्य उत्तरेकडून परत येताना जुलैच्या अखेरच्या आठवड्यात आमच्या डोक्यावरून पुन्हा एकदा जातो. बहुतेक वर्षी त्या दिवशी आभाळ भरलेले असते आणि मुले त्या पानावर ‘ढग’ एवढेच लिहितात. ते पानही वहीत तसेच राहते.