फ्रेंडशिप पीकला निघायच्या आधी काय काय झालेलं पाहिजे

मंडळी, तारखा ठरल्यात, आता तयारीचं बघू. मनालीजवळचं हे हिमालयातलं शिखर, फ्रेंडशिप पीक, ५२८९ मीटर आहे, म्हणजे आपलं १६४६ मीटरचं कळसूबाई तीनदा चढलं तरी वर साडेतीनशे मीटर उरतातच, आणि आपण सगळे राहतो समुद्राच्या काठाला. तिथे वर हवेचा दाब जवळपास अर्धा असतो त्यामुळे एका श्वासात मिळणारा ऑक्सिजनही तेवढाच, डोकं जड होतं, चिडचिड होते, साध्या गोष्टी सुचत नाहीत. म्हणून माझं एकच म्हणणं आहे, जे जे ठरवायचंय ते इथेच ठरवून टाकू, वर जाऊन ठरवायला शक्यतो काही शिल्लक ठेवायचं नको.

आधी शरीर. मुंबईत राहून उंचीची सवय होत नाही, कितीही पळा, पण दम आणि पाय तयार होतात आणि तेच आपल्या हातात आहे. आठवड्यातून चार दिवस धावणं किंवा भरभर चालणं, आणि दोन दिवस बिल्डिंगचा जिना, पाठीवर सॅक घेऊन. सॅकमध्ये पाण्याच्या बाटल्या भरा, वजन हळूहळू वाढवत १० किलोपर्यंत न्या, आणि वर पोचलात की पाणी गच्चीतल्या झाडांना घालून रिकाम्या बाटल्या घेऊन उतरा, गुडघे वाचतात. दर दोन आठवड्यांनी एक ट्रेक एकत्र करायचा, कळसूबाई तर हवंच, शुक्रवारी रात्रीची कसारा लोकल, तिथून जीपने बारी गाव, आणि जे बूट मनालीला नेणार तेच घालून. नवे कोरे बूट घेऊन तिकडे येऊ नका प्लीज.

आता सगळ्यात महत्त्वाचं, उंचीचा त्रास. हा कोणालाही होतो, जिमवाल्यालाही होतो, त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही, पण लपवला तर जिवावर बेततं. डोकं दुखणं, मळमळ, जेवण नकोसं होणं, झोप न लागणं, ही सुरुवात. डोकं दुखत असेल तर त्या दिवशी पुढच्या कॅम्पला जायचं नाही. आणि नुसतं बसलेलं असताना धाप लागत असेल, खोकला थांबत नसेल, किंवा सरळ रेषेत चालता येत नसेल, तोल जात असेल, तर सकाळची वाट बघायची नाही, रात्र असली तरी खाली उतरवायचं. आपण दोघादोघांच्या जोड्या करू, रोज संध्याकाळी जोडीदाराने जोडीदाराला विचारायचं, जेवलास का, डोकं कसंय, लघवी नीट होतेय का, आणि उत्तर खरं द्यायचं. कोणाला खाली न्यावं लागलं तर सोबत कोण जाणार हेही आत्ताच ठरवू, कारण शिखर समोर दिसत असताना स्वतःहून हात वर करणं खूप अवघड जातं. डायमॉक्स, म्हणजे उंचीच्या त्रासावरची गोळी, डॉक्टरांना विचारल्याशिवाय घ्यायची नाही, सल्फाच्या औषधांची अॅलर्जी असेल तर त्यांना आधी सांगा, आणि घेतल्यावर बोटांना मुंग्या आल्या तर घाबरू नका, तसं होतं. बीपी, दमा, शुगर असं काही असेल तर ग्रुपवर लिहायचं नसेल तर मला वेगळं सांगा पण सांगा.

समिटच्या, म्हणजे शिखर चढायच्या रात्री बारा-एकला निघायचं असतं कारण पहाटेपर्यंत बर्फ कडक असतो, ऊन चढलं की तो मऊ पडतो, पाय मांडीपर्यंत रुततो आणि वरून बर्फ घसरायची भीती वाढते. म्हणून गाइड जी परतायची वेळ सांगेल ती अंतिम, शिखर शंभर मीटरवर असलं तरी.

कपडे. कॉटन नाही, जीन्स तर अजिबात नाही, घामाने भिजलं की वाळत नाही आणि अंग गार पडतं. आत थर्मल, त्यावर फ्लीस, त्यावर जाड पॅडेड जॅकेट, सगळ्यात वर वारा-पाऊस अडवणारं जॅकेट, चालताना एकेक काढायचं आणि थांबलं की लगेच घालायचं. ग्लोव्ह्जच्या दोन जोड्या, माकडटोपी, हेडटॉर्च आणि तिचे जादा सेल. गॉगल चांगला घ्या, बाजूने झाकणारा, फॅशनचा नको, बर्फावरून परत येणाऱ्या उन्हाने डोळे भाजतात. सॅकच्या आत मोठी प्लास्टिकची पिशवी लावून त्यात सगळं भरा, पावसाळ्यात लोकलने जाणाऱ्यांना हे शिकवायला नको. स्नो बूट, क्रॅम्पॉन (बुटाखाली लावायचे खिळे), हार्नेस (दोर अडकवायचा कमरेचा पट्टा), आइस अॅक्स (बर्फाची कुऱ्हाड) तिकडे मिळणार, पण बूट मनालीतच दोन मोज्यांवर घालून बघायचे, पुढचा भाग भिंतीवर हळूच आपटायचा, बोटं टेकली तर एक नंबर मोठा मागायचा. निघायच्या दोन-तीन दिवस आधी पायाची नखं बारीक कापा, उतरताना अंगठा सतत पुढे आदळतो आणि नख काळं पडतं. टाच चुरचुरायला लागली की फोड यायच्या आधीच टेप लावा.

खाऊ प्रत्येकाने आपला आणायचा, चिक्की, राजगिऱ्याचे लाडू, खजूर, आणि तोंडाला चव नसते तेव्हा लसणाची चटणी किंवा आवळा सुपारी फार कामाला येते. ओआरएस सगळ्यांकडे हवं. पाण्याच्या बाटल्या साध्याच आणा, नळीवाल्या पिशवीची नळी गोठते. रात्री फोन आणि पॉवर बँक स्लीपिंग बॅगमध्ये घेऊन झोपायचं, थंडीत बॅटरी भसाभस उतरते. पाळी येण्यासारखी असेल तर पॅड्स आणि वापरलेले परत आणायला झिपची पिशवी, वर काहीही टाकायचं नाही.

बाकी प्रवासाचं, दिल्लीपर्यंतचं रेल्वे बुकिंग ६० दिवस आधी उघडतं, त्या दिवशी सकाळी आठला बसायचं, पुढे रात्रीची मनाली बस. मेडिकल सर्टिफिकेट, आधारची झेरॉक्स, आणि इन्शुरन्स घेताना त्यात गिर्यारोहण आणि रेस्क्यू येतं का ते वाचून घ्या, बऱ्याच पॉलिसीत नसतं. घरच्यांना सांगून ठेवा की वर नेटवर्क नसणार, फोन नाही आला म्हणजे काही झालं असं नाही.

पुढच्या रविवारी संध्याकाळी शिवाजी पार्कला भेटू, सॅक पूर्ण भरून आणा, मी वजनकाटा आणतोय, १२ किलोच्या वर गेली तर तिथेच उघडून काय काय घरी ठेवायचं ते सगळे मिळून बघू.