अनुस्वार जागेवर राहावा म्हणून: बारीक डिझाइनसाठी ट्रॅकबॉल कसा निवडावा

वरुडच्या बाजूला आमचं गाव. बसस्टँडसमोर माझं डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, फ्लेक्स, ट्रॅक्टरवरची रेडियमची नावं, संत्र्याच्या पेट्यांची लेबलं, असं सगळं काम मी कोरलड्रॉ या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये करते. मागच्या टेबलावर आमचे धाकटे भाऊजी ऑटोकॅडमध्ये घरांचे नकाशे काढतात. दोघांच्याही हाताखाली आता माऊस नाही, ट्रॅकबॉल आहे, म्हणजे जागचं न हलणारं खोकं, त्यातला चेंडू बोटांनी फिरवून पडद्यावरचा बाण हलवायचा. तालुक्यातले काम करणारे पोरं-पोरी विचारतात, घ्यावा का, कोणता घ्यावा, म्हणून सविस्तर लिहिते.

मी माऊस सोडला तो एका अनुस्वारापायी. पत्रिका छापायला देताना फॉन्टचा गोंधळ नको म्हणून आपण अक्षरं कर्व्ह करतो, म्हणजे अक्षरांचे नुसते आकार करून टाकतो, कंट्रोल क्यू. पुढे एखादं अक्षर सजवायचं असलं की कंट्रोल के करून तुकडे पाडतो. तुकडे पडले की अनुस्वार हा वेगळा ठिपका होतो, त्याला खालच्या अक्षराशी काही देणंघेणं राहत नाही. लग्नसराईचे दिवस, रात्रीचे अकरा वाजलेले. 'चि. सौ. कां.' मधल्या 'कां'ला सोनेरी रंग द्यायला मी क्लिक केलं. हात पुरता थांबायच्या आत बोट दाबलं गेलं, आणि ठिपका सरकून नवरीच्या नावाच्या पहिल्या अक्षरावर जाऊन बसला. मला दिसलं नाही. तीनशे पत्रिका छापून आल्या तेव्हा नवरीच्या वडिलांना दिसलं. ते रागावले नाहीत, नुसते पत्रिकेकडे बघत उभे राहिले. पत्रिका मी पदरच्या पैशाने पुन्हा छापून दिल्या, पण त्यांचा तो चेहरा अजून डोळ्यांपुढे आहे.

माऊसमध्ये जो हात बाण नेतो, तोच हात दाबतोही. बटण दाबताना आख्खा माऊस टेबलावर केसभर हलतो. पूर्ण पत्रिका स्क्रीनवर दिसत असताना दोन-तीन पिक्सेल हलणं म्हणजे छपाईत साधारण अर्धा मिलिमीटर. ट्रॅकबॉलचं खोकं जागचं हलत नाही. तुम्ही चेंडू फिरवून बाण नोडवर, म्हणजे आकाराच्या रेषेवरच्या पकडायच्या ठिपक्यावर नेता, चेंडूवरचं बोट उचलता आणि मग दुसऱ्या बोटाने बटण दाबता. बोट उचलल्यावर बाण जिथे ठेवला तिथेच राहतो. बारीक कामासाठी ट्रॅकबॉल घ्यायचं माझ्या लेखी हेच खरं कारण आहे, बाकीचे फायदे त्याच्या मागून येतात.

मागून येणारेही कमी नाहीत म्हणा. माझ्या टेबलावर कीबोर्ड, स्कॅनर, पावतीबुक आणि गिऱ्हाइकाने आणलेली जुनी पत्रिका एवढं असतं. माऊस फिरवायला वीतभर जागाही उरत नसे. ट्रॅकबॉलला त्याच्या बुडाएवढी जागा पुरते. मनगट टेबलावर घासत नाही. मात्र हात आधीच दुखत असेल, बोटांना मुंग्या येत असतील, तर आधी डॉक्टरांना दाखवा. ट्रॅकबॉल हे औषध नव्हे.

भाऊजी पहिल्यांदा पाहून म्हणाले, "वहिनी, हे काय नवीन खूळ काढलं तुमी?" नवीन नाही. ब्रिटिश नौदलासाठी राल्फ बेंजामिन यांनी रडारच्या पडद्यावरची खूण हलवायला असा चेंडू १९४६ मध्ये काढला होता. १९५२ च्या सुमारास कॅनडाच्या नौदलाच्या डेटार नावाच्या प्रकल्पात तर खेळायचा बॉलिंगचा चेंडूच बसवला होता. डग्लस एंगेलबार्ट यांचा माऊस त्यानंतर, १९६४ चा. चेंडू वयाने थोरला आहे.

आता निवड. ट्रॅकबॉल दोन जातीचे. एकात चेंडू अंगठ्याखाली असतो आणि बटणं नेहमीच्या माऊससारखी बोटांखाली. दुसऱ्यात चेंडू मधोमध असतो, तो दोन-तीन बोटांनी फिरवायचा आणि डावं बटण अंगठ्याने दाबायचं. लॉजिटेकचा एर्गो एम ५७५ अंगठ्याचा, त्याचा चेंडू ३४ मिलिमीटरचा. केन्सिंग्टनचा एक्स्पर्ट माऊस (नावात माऊस असला तरी तो ट्रॅकबॉलच) आणि स्लिमब्लेड हे बोटांचे, चेंडू ५५ मिलिमीटरचा. त्याच कंपनीचा ऑर्बिट लहान, ४० मिलिमीटरचा. एलेकॉमचा ह्यूज बोटांचाच, ५२ मिलिमीटरचा.

अमरावतीत दोन दुकानांत विचारलं, ठेवलेलाच नव्हता. हातात न घेता मागवायचा तर आधी घरीच अंदाज घ्या. टेबलावर हात नेहमीसारखा ठेवा. अंगठ्याखाली एक लहान लिंबू धरा आणि दहा मिनिटं जागच्या जागी पुढेमागे, आडवं-उभं फिरवा. मग चुरीतलं, म्हणजे बारीक मालातलं, एखादं छोटं संत्रं घ्या, ते पहिल्या दोन-तीन बोटांखाली ठेवा आणि तसंच फिरवा. आमच्या भागात दोन्ही घरात सापडतात. लिंबू फिरवताना अंगठ्याच्या बुडाशी ओढ बसली तर अंगठ्याचा ट्रॅकबॉल तुमच्यासाठी नाही.

हे मी भाऊजींच्या अनुभवावरून सांगते. त्यांनी अंगठ्याचा घेतला, कारण तो धरायला माऊससारखाच वाटतो आणि दोन दिवसांत हात बसतो. महिनाभर खूश होते. मग अंगठ्याच्या मुळाशी दुखायला लागलं. दिवसभर नकाशात इकडून तिकडे जायचं, आणि सगळा भार एकट्या अंगठ्यावर. अंगठा पकडायला तरबेज आहे, पण बारीक फिरवाफिरवीत पहिल्या दोन बोटांची सर त्याला नाही. त्यांनी तो विकला आणि माझ्यासारखा मोठ्या चेंडूचा घेतला. माझं मत विचाराल तर नोड ओढायचं, रेडियम कटिंगचं, नकाशाचं काम रोज चार तासांच्या वर असेल तर बोटांचाच घ्या. हिशेब-पावत्या आणि मधूनच थोडं डिझाइन असेल तर अंगठ्याचा चालेल.

चेंडूच्या आकाराचं गणित एकदा मांडून बघा. ३४ मिलिमीटरच्या चेंडूचा घेर सुमारे १०७ मिलिमीटर, म्हणजे सव्वाचार इंच. ५५ वाल्याचा सुमारे १७३, म्हणजे पावणेसात इंच. वेग ४०० डीपीआय ठेवला तर चेंडूचा पृष्ठभाग एक इंच फिरल्यावर बाण ४०० पिक्सेल जातो. आपला पडदा आडवा १९२० पिक्सेलचा, म्हणजे एका टोकापासून दुसऱ्या टोकाला जायला पावणेपाच-पाच इंच फिरवायला हवं. लहान चेंडू एका फेऱ्याहून जास्त फिरवावा लागतो, आणि अंगठा एका वेळी इंचभरच फिरतो, म्हणजे चार-पाच वेळा उचलून ठेवणं आलं. मोठा चेंडू पाऊण फेऱ्याच्या आत पोहोचतो. शिवाय तो जड असतो, एक टिचकी दिली की आपल्या भारानेच पुढे घरंगळतो, मग बोटाने अलगद थांबवायचा. एवढ्या कमी वेगावर काम झेपतं ते त्यामुळेच. वेग कमी असला की एक-एक पिक्सेल हाती लागतो.

मागवण्याआधी बटणं मोजा, आणि मधलं बटण कुठे आहे ते बघा. ऑटोकॅडवाल्यांनी तर आधी हेच बघावं. तिथे चाक दाबून धरून नकाशा सरकवतात, चाकावर दोनदा दाबून पूर्ण नकाशा पडद्यावर आणतात. केन्सिंग्टनच्या एक्स्पर्टमध्ये चाकाऐवजी चेंडूभोवती कडं असतं. ते फिरतं, पण दाबलं जात नाही. त्याला चार बटणं आहेत, म्हणून त्यातलं एक मधलं बटण म्हणून लावून घेता येतं. दोनच बटणांचा ऑर्बिट नकाशावाल्याने घेऊ नये. स्लिमब्लेडला चाकही नाही, कडंही नाही. चेंडूच जागच्या जागी पिळल्यासारखा गोल फिरवला की पान वरखाली होतं. डावखुऱ्यांनी एम ५७५ सोडून द्यावा, तो उजव्या हातासाठीच घडवलेला आहे. मधोमध चेंडूचे ऑर्बिट, एक्स्पर्ट, स्लिमब्लेड कोणत्याही हाताने चालतात.

आल्यावर लगेच करायच्या गोष्टी. कंट्रोल पॅनेलमध्ये माऊस उघडा, पॉइंटर ऑप्शन्समधली 'एन्हान्स पॉइंटर प्रिसिजन' ही खूण काढून टाका. नावात प्रिसिजन असलं तरी ती करते वेगळंच: चेंडू जोरात फिरवला की बाण जास्त पळवते, हळू फिरवला की कमी. हाताला मग अंतराचा अंदाज कधीच बसत नाही. वेगाची पट्टी मध्यावर ठेवा. डीपीआय बदलायची सोय असेल तर कमीपासून सुरुवात करा. एम ५७५ मध्ये कंपनीच्या सॉफ्टवेअरमधून ४०० ते २००० पर्यंत बदलता येतो.

सगळ्यात अवघड जातं ते ओढणं. डावं बटण दाबून धरायचं आणि त्याच हाताने चेंडू फिरवायचा. अंगठा दाबलेला ठेवून दोन बोटं मोकळी फिरवायला हाताला शिकवावं लागतं, पोळ्या लाटताना एक हात दाबतो नि दुसरा फिरवतो तसं इथे एकाच हाताच्या बोटांत जमवायचं असतं. तोवर विंडोजमधलं 'क्लिकलॉक' चालू करा. तिथेच, माऊसच्या बटणांच्या पानावर ती खूण आहे. बटण क्षणभर जास्त दाबून सोडलं की ते दाबलेलंच राहतं, निवांत चेंडू फिरवा, मग एकदा क्लिक करून सोडा. लांबचं ओढणं मी अजूनही असंच करते. जवळचं सरकवणं कीबोर्डच्या बाणांनी.

शिकायला लग्नसराई निवडू नका. मी पितृपक्षात सुरू केलं, त्या पंधरवड्यात दुकानात कोणी नवं काम घेऊन येत नाही. जुना माऊस काढू नका, दोन्ही एकाच वेळी जोडलेले चालतात. गिऱ्हाईक समोर असलं की माऊस, एकटी असले की चेंडू, असं मी केलं. सरावाला तान्ह्या पोळ्याच्या फ्लेक्ससाठी काढलेला फोटो घेतला, लाकडी नंदीबैलाचा. एफ १० दाबून शेप टूल घ्यायचं आणि शिंगाच्या टोकापासून शेपटापर्यंत एकेक नोड बसवत जायचं. पहिल्या दिवशी शिंगाला वळणाऐवजी पायऱ्या पडल्या. आठव्या दिवशी झुलीवरचे गोंडे जमले. तीन आठवड्यांनी माऊसकडे हात जाईनासा झाला.

खरा उपयोग कळला तो रेडियम कापताना. 'आईचा आशीर्वाद' असं ट्रॅक्टरच्या काचेवर लावायचं असलं की प्रत्येक अक्षराची शिरोरेषा शेजारच्या अक्षरावर थोडी चढलेली असते. तशीच फाइल कटिंग मशीनला दिली तर पातं प्रत्येक जोडावर आडवं फिरतं आणि काचेवर लावताना अक्षरं सुटी होतात. म्हणून वेल्ड करावं लागतं, म्हणजे सगळी अक्षरं जोडून एकच आकार करायचा. वेल्ड केल्यावर जोडाच्या जागी दोन नोड अगदी चिकटून उरतात आणि तिथे रेषेला दातरा पडतो. त्यातला नेमका एकच नोड पकडून काढायचा असतो. माऊसने मी तिथे दरवेळी पडदाभर झूम करायचे, काढायचे, पुन्हा एफ ४ दाबून पूर्ण चित्रावर यायचे. आता निम्म्या झूमवर बाण नोडवर ठेवते, बोट उचलते, दाबते, डिलीट.

हाताने मोकळं चित्र काढायचं असेल, ब्रशने छटा भरायच्या असतील, तर ट्रॅकबॉल घेऊ नका. वळणदार रेघ एका दमात ओढणं चेंडूने होत नाही, त्याला पेन टॅबलेटच हवा.

आणि स्वच्छता, कारण आपल्याकडची धूळ साधी नाही. चेंडू तीन बारीक टेकूंवर बसलेला असतो, मोहरीएवढे ठिपके. हाताचं तेल, घाम आणि धूळ तिथेच जमते. माझ्या शेजारी गादी भरायचं दुकान आहे, दिवसभर कापूस उडतो. आठ दिवसांत तिन्ही टेकूंवर करड्या रंगाची कापसाची टोपी चढते. मग चेंडू अडखळतो, बाण आडवा जातो पण उभा जात नाही, आणि माणसाला वाटतं वस्तू बिघडली. एम ५७५ असेल तर बुडाच्या भोकातून पेनाने ढकलून चेंडू काढा. एक्स्पर्ट किंवा स्लिमब्लेड नुसता उलटा केला तरी चेंडू हातात येतो, म्हणून ओंजळ आधी खाली धरा. कान साफ करायच्या कापसाच्या काडीने टेकू आणि आतली काच पुसा. पाणी नको. चेंडू मऊ कोरड्या फडक्याने पुसा, फार चकाचक करू नका. नवा कोरा चेंडू पहिले दोन दिवस जरा अडकतो, हाताचं तेल लागलं की सरावतो. मे महिन्यात वाळ्याच्या ताट्यांचा कूलर अंगावर असला तरी तळवा ओला होतोच, तेव्हा एक फडकं बाजूला ठेवते आणि दर तासाला चेंडू पुसते.

जुना माऊस अजून जोडलेलाच आहे, टेबलाच्या पलीकडच्या बाजूला. पत्रिका पसंत करायला येणाऱ्याला नुसतं सांगून भागत नाही. "ताई, हा गणपती अजून वरतं घ्या जराक," म्हणत तो माऊस धरून बाण नेऊन दाखवतो. मी चेंडूवरचं बोट उचलून थांबते, त्याचं दाखवून झालं की गणपती वर सरकवते.