शेणकिड्यांचा संसार बघायचाय? मग पो उचलून बघा

शेणकिडा म्हटलं की सगळ्यांना गोळी ढकलत जाणारा किडा आठवतो. तो बघायला भारी असतोच, पण नर-मादी कसे जुळतात, घर कसं करतात, अंडी कुठं घालतात हे बघायचं असेल तर माझं मत एकच, गोळीमागं पळू नका, शेणाच्या पोखाली बघायला शिका. आपल्याकडचे बरेचसे शेणकिडे गोळी लांब नेतच नाहीत, पोच्या बरोब्बर खाली बिळं पाडतात आणि सगळा संसार तिथंच थाटतात.

सीझन म्हणजे पावसाची सुरुवात. वळीव झाले, जमीन मऊ झाली की हे बाहेर येतात, जून-जुलैमधे गायरानावर किंवा माळावर कुठंही गुरं चरून गेली की त्यांच्या मागोमाग जा. ताजा पो हवा, वर साय धरलेला नको. काही जाती दिवसा उडतात, काही दिवस मावळताना आणि रात्री, त्यामुळे जमलं तर एकदा सकाळी आणि एकदा संध्याकाळी जा. थोडा वेळ शांत बसलात तर ते भुणभुणत येऊन धपकन पडतात आणि पडल्या पडल्या आत घुसतात.

रात्रभर ठेवून दुसऱ्या दिवशी तोच पो काडीने हळूच कडेने उचला. खाली ताज्या मातीचे छोटे छोटे उकीर आणि बोटभर जाडीची किंवा त्याहून बारीक भोकं दिसली की समजा खाली काम चालू आहे. पोच्या आतच अगदी बारीक, लांबट किडे वळवळताना दिसले तर ते बहुधा अ‍ॅफोडियस गटातले, त्यातले बरेच घर वगैरे करत नाहीत, शेणातच अंडी घालून मोकळे होतात. किड्यांच्या पोटाखाली बारीक तपकिरी गोचिडासारखे माइट चिकटलेले दिसतील, ते बघून किडा आजारी आहे असं समजू नका, ते एका पोवरून दुसऱ्यावर जायला त्याच्यावर बसून येतात आणि तिथं माश्यांची अंडी खातात.

आता खरी गंमत, म्हणजे ऑन्थोफॅगस गट. भारतात याच्या शंभरावर जाती आहेत, बहुतेक सगळे लहान, त्यामुळे भिंग जवळ ठेवा. यातल्या बऱ्याच जातींत मोठ्या नरांना डोक्यावर शिंगं असतात, माद्यांना सहसा नसतात, पण बिनशिंगी दिसला म्हणून लगेच मादी लिहून टाकू नका कारण लहान नरांनाही शिंगं नसल्यातच जमा असतात. नर मोठा होणार की लहान हे बरंचसं अळी असताना त्याला किती शेण मिळालं यावर ठरतं. मोठा नर बिळाच्या तोंडाशी राखण बसतो, दुसरा नर आला की शिंगाने रेटारेटी करून त्याला बाहेर काढतो. लहान नर त्या भानगडीत पडतच नाही, तो शेजारून वेगळं बीळ पाडतो आणि आतून मादीपर्यंत पोचतो, नाहीतर राखणदाराची नजर चुकवून आत शिरतो. मादी खाली असते, ती शेण ओढून नेते, बिळाच्या टोकाला गच्च दाबून त्याचा गोळा करते, काही जातींत नरही तिला शेण आणून देतो. प्रत्येक गोळ्यात एकच अंडं, आणि अंड्याजवळ ती स्वतःच्या विष्ठेचा एक छोटा ढीग ठेवते, अळी बाहेर आली की पहिलं ते खाते आणि आईच्या पोटातले उपयोगी जंतू तिच्या पोटात जातात.

हे घरी बघायचं तर एक जुनी बादली घ्या, तळाला बारीक भोकं पाडा, पाऊण बादली मुरमाड माती दाबून भरा. माती मुठीत दाबली तर लाडू वळला पाहिजे पण पाणी सुटायला नको. त्यात एकाच जातीच्या चार-पाच जोड्या सोडा, वर शेण ठेवा, तोंडाला मच्छरदाणीचं कापड बांधा आणि बादली सावलीत ठेवा. दर दोन-तीन दिवसांनी ताजं शेण द्या. आठवड्याभराने मोठ्या परातीत माती हळू मोकळी करा, गोळे हाताला लागतील. आतली बिळंच बघायची असतील तर दोन काचा लाकडी चौकटीत बसवा, मधे किड्याच्या जाडीपेक्षा थोडीच जास्त फट ठेवून माती भरा, बाहेरून काळा कागद लावा, बघताना कागद काढून टॉर्चला लाल जिलेटिन लावून बघा, लाल उजेडाने ते फारसे बिचकत नाहीत.

एखादा गोळा सुईने किंचित टोचून बघाच. आत इंग्रजी सी अक्षरासारखी वळलेली, पाठीवर कुबड असलेली पांढुरकी अळी असते, भोक पडलं की ती गरकन फिरते, मागचं टोक भोकाला लावते आणि स्वतःच्या विष्ठेने लिंपून टाकते. भोक उघडं राहिलं तर गोळा वाळतो, म्हणून तिला एवढी घाई. बाकीचे गोळे न फोडता ओलसर मातीत डब्यात ठेवा, लहान जातींत अंड्यापासून किडा व्हायला साधारण महिना-दीड महिना लागतो, सगळं आतच होतं, अळी, कोष आणि मग किडा.

गोळी ढकलणारेही बघायचे असतील तर जिम्नोप्लुरस शोधा, दिवसा उन्हात दिसतो. एक जण मागच्या पायांनी उलटा ढकलतो, दुसरा कधी बरोबर ढकलतो कधी नुसता मागं मागं जातो. गोळी दिसली म्हणजे अंडं असणारच असं नाही, पुष्कळदा ती नुसती खायची असते. मिलन सहसा गोळी पुरल्यावर जमिनीखाली होतं, म्हणून खणत बसू नका, जागेवर काडी रोवून ठेवा.

अभयारण्यात किंवा राखीव जंगलात किडे उचलायचे नाहीत, तिथं फक्त बघायचं. आणि शेण आणताना गुरांच्या मालकाला न चुकता विचारा की जंताचं औषध कधी दिलं होतं. आयव्हरमेक्टिन नावाचं जंताचं औषध शेणातून बाहेर पडतं आणि त्याने अळ्या मरतात, त्यामुळे ज्या जनावराला ते देऊन महिना झाला नाही त्याचं शेण बादलीत घालू नका. बघून झालं की पकडलेले किडे जिथून आणले तिथंच ताज्या पोवर सोडा, आणि डब्यातले नवे किडे माळ ओला असेपर्यंत सोडा, जमीन वाळून कडक झाली की त्यांना खाली शिरता येत नाही.