शिवराई चिंचेने घासू नका: जुनी नाणी साफ करताना आणि ओळखताना या चुका टाळा

वाळवा-पलूसच्या काळ्या रानात नांगरट झाल्यावर किंवा साताऱ्यात एखादा जुना वाडा उतरवल्यावर मेटल डिटेक्टर वाजतो आणि मातीने माखलेली हिरवी चकती हाती येते: कदाचित शिवराई, म्हणजे शिवाजी महाराजांच्या नावाचं तांब्याचं नाणं. तिचं खरं नुकसान त्यानंतरच्या अर्ध्या तासात होतं, आणि तेही घरातल्या मोरीत.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे चिंच, लिंबू, व्हिनेगर किंवा तांब्या-पितळेची पावडर लावणं. देवघरातला तांब्या आणि दोन-तीनशे वर्षं मातीत राहिलेलं नाणं या वेगळ्या वस्तू आहेत. नाण्याच्या वरच्या तांब्याचं ऑक्साइड झालेलं असतं आणि पुष्कळदा अक्षरं त्या तपकिरी-हिरव्या थरातच टिकलेली असतात. आम्ल तो थर विरघळवतं. खाली उरतं ते गुलाबी, खड्ड्याखड्ड्यांचं तांबं, आणि शिवराईवरची ‘छत्र’ ही अक्षरं गेली की ती परत आणता येत नाहीत. वायर ब्रश आणि टूथपेस्टचंही तेच. खोबरेल तेलात भिजत घालणंही सुरक्षित नाही: तेलातली आम्लं सावकाश धातू खातात आणि तेलाखाली ओल अडकून राहते.

आधी दोन्ही बाजूंचे फोटो काढा. टॉर्च समोरून न धरता बाजूने, जवळजवळ आडवा धरा. उठाव सावलीत दिसतो. 0.01 ग्रॅमपर्यंत मोजणाऱ्या खिशातल्या काट्यावर वजन करा आणि कुठे, किती खोल सापडलं ते लिहून ठेवा. मग डिस्टिल्ड वॉटरमध्ये (बॅटरीत घालतात ते चालतं, फक्त डब्यावर ‘ॲसिड’ लिहिलेलं नाही ना ते पाहा) एक-दोन दिवस भिजवा. माती मऊ झाली की बांबूच्या टोकदार काडीने, भिंगाखाली, ओली असतानाच सोडवा. जोर लावावा लागला की थांबा आणि पुन्हा भिजवा.

बोअरचं पाणी इथे नकोच. कृष्णाकाठच्या क्षारपड जमिनीतून आलेल्या नाण्यात क्लोराइड आधीच भरलेलं असतं, त्यात बोअर आणखी भर घालतो. घरी पाण्याच्या फिल्टरसाठी आणलेला टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा) असेल तर उत्तम: पाणी रोज बदला, आणि चोवीस तासांत आकडा वाढायचा थांबेपर्यंत भिजवणं सुरू ठेवा.

हे न करता वाळवून डबीत ठेवलेल्या नाण्यावर पहिल्याच पावसाळ्यात फिकट पोपटी भुकटीचे ठिपके येतात. ही मुरलेली हिरवाई नव्हे. क्लोराइड, हवा आणि ओल मिळून धातू पोखरत असतात. फरक सोपा आहे: जुना थर घट्ट आणि गुळगुळीत असतो, ही भुकटी नखाने निघते आणि पुसली तरी काही दिवसांत परत येते. असं नाणं बाकीच्यांपासून वेगळं काढा आणि हवाबंद डबीत सिलिका जेलसोबत ठेवा. जेल निळ्याची गुलाबी झाली की बदला. पुढचे रासायनिक उपचार संग्रहालयाच्या प्रयोगशाळेचं काम आहे.

आता ओळख. शिवराईवर एका बाजूला तीन ओळींत ‘श्री / राजा / शिव’ आणि दुसऱ्या बाजूला ‘छत्र / पति’ असतं. ठसा चकतीपेक्षा मोठा असल्याने पूर्ण मजकूर क्वचितच उमटतो. ‘त्र’ आणि वेलांटीचा तुकडा एवढंच दिसू शकतं. ‘शीव’, ‘सिव’, ‘पती’ अशी रूपं टांकसाळीगणिक आढळतात, म्हणून लेखन वेगळं दिसलं की ‘नकली’ म्हणून फेकू नका. आणि प्रत्येक शिवराई 1674 च्या राज्याभिषेकाची नसते. ती पुढे दीडशे वर्षांहून अधिक काळ पडत राहिली. ओळींच्या मधे दोन समांतर रेघा असतील तर ती दुदांडी, म्हणजे उत्तरकालीन.

फारसी अक्षरं दिसली की ‘मोगलांचं’ म्हणून मोकळं होणं हीदेखील नेहमीची चूक. मराठ्यांचे चांदीचे रुपये मोगल बादशहाच्याच नावाने पडत. मराठी रुपया ओळखायला अंकुशासारखी खूण शोधा. मिरजेच्या टांकसाळीचं नाव नाण्यावर ‘मुर्तजाबाद’ असं येतं. ईस्ट इंडिया कंपनीचा 1835 चा पाव आणा मात्र यंत्रावरचा, कडेने एकसारखा गोल आणि सुमारे 6.47 ग्रॅमचा असतो. 1947 चा रुपया निकेलचा, चुंबकाला चिकटतो.

सोन्याचा होन सापडला असं वाटलं तर कसोटीच्या दगडावर घासू नका. काट्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्य करा, नाणं दोऱ्याला बांधून तळाला न टेकवता बुडवा. 2.8 ग्रॅमच्या होनाला आकडा (म्हणजे बाजूला सरलेल्या पाण्याचं वजन) 0.16 ग्रॅमच्या जवळपास यायला हवा. 0.33 आला तर ते सोनं नाही, बहुधा पितळ आहे.

सापडलेल्या जागेची नोंद कायद्यासाठीही लागते. 1878 च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जमिनीत दडलेला, दहा रुपयांहून अधिक किमतीचा ऐवज सापडला तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. त्यात ऐवजाचं स्वरूप, अंदाजे किंमत, जागा आणि तारीख द्यायची असते. संरक्षित किल्ल्यावर किंवा लेण्यापाशी डिटेक्टर नेऊच नका.

लोखंडी बाणाग्र किंवा नाल उन्हात वाळवू नका, पापुद्रे सुटतात. तशीच कोरड्या डबीत ठेवा. शिशाचं सातवाहन नाणं लाकडी कपाटात ठेवलं तर लाकडाच्या आम्ल वाफेने पांढरं पडतं. चांदीला रबरबँड लावू नका, त्यातलं गंधक काळे पट्टे उठवतं. आणि बाजारात मिळणारे मऊ, वास येणारे प्लास्टिक अल्बम पीव्हीसीचे असतात. त्यांतून सुटणारं आम्ल नाण्यावर हिरवा चिकटा आणतं, म्हणून पॉलिप्रॉपिलीनची पाकिटं मागून घ्या.