सेमिनारसाठी शोधनिबंध कसा वाचावा आणि त्यावर कसं लिहावं

टीवायच्या (पदवीच्या तिसऱ्या वर्षाच्या) सेमिनारसाठी पेपर हातात पडला की बहुतेक जण पहिल्या ओळीपासून वाचत सुटतात आणि तिसऱ्या परिच्छेदात अडकतात. पेपर असा सरळ वाचायचा नसतो. मेसेलसन आणि स्टाल यांचा १९५८ चा, डीएनएची प्रत कशी बनते यावरचा पेपर घेऊन बसा. बाराच पानं आहेत. पहिल्या सेमिनारला याहून चांगला पेपर मला तरी सुचत नाही.

आधी फक्त प्रस्तावना आणि शेवट वाचा. मग लेखकांचा प्रश्न एका वाक्यात, मराठीत लिहा: जुन्या डीएनएतले अणू नव्या प्रतींमध्ये कसे वाटले जातात? हे वाक्य जमेपर्यंत पुढे जाऊ नका.

आता आकृत्या. निम्म्याहून जास्त वेळ इथेच द्या. ई. कोलाय जिवाणू जड नायट्रोजन-१५ असलेल्या खाद्यावर चौदा पिढ्या वाढवले, म्हणजे त्यांचा डीएनएही जड झाला; मग एकदम साध्या, हलक्या नायट्रोजन-१४ वर आणले. वेळोवेळी नमुने घेऊन त्यांतला डीएनए सीझियम क्लोराईडच्या द्रावणात सेंट्रिफ्यूज केला (प्रचंड वेगाने गरगर फिरवला), म्हणजे घनतेप्रमाणे त्याचे पट्टे पडतात. निकाल बघण्याआधी आकृती हाताने झाका आणि कागदावर स्वतः पट्टे काढा. जुना रेणू अख्खा टिकत असेल, तर एका पिढीनंतर काय दिसेल? एक जड पट्टा, एक हलका. त्याचे तुकडे सगळीकडे विखुरत असतील, तर दोन पिढ्यांनंतरही एकच पट्टा, हलक्या बाजूला सरकलेला. आता हात काढा. एका पिढीनंतर मधोमध एकच पट्टा आहे. दोन पिढ्यांच्या सुमारास मधला आणि हलका, जवळजवळ सारखे. दोन्ही शक्यता तुमच्या डोळ्यांदेखत बाद होतात; उरते ती एकच, प्रत्येक नव्या रेणूत निम्मा भाग जुना आणि निम्मा नवा. हा आनंद पाठ्यपुस्तकातल्या रंगीत चित्राने मिळत नाही.

कृतीचा भाग यानंतर वाचा, तोही एक शंका मनात धरून: तो पट्टा खरंच मधोमध आहे हे कशावरून? उत्तर त्याच आकृतीच्या तळाशी आहे. तिथे वेगवेगळ्या पिढ्यांचे नमुने मुद्दाम एकत्र करून, पट्टे शेजारी-शेजारी पाडून दाखवले आहेत.

मग लेखक कुठे थांबले ते शोधा. ‘डीएनएचे दोन धागे सुटे होतात हे सिद्ध झालं’ असं आपण सर्रास लिहितो. लेखक मात्र रेणूच्या त्या निम्म्या भागाला ‘उपघटक’ म्हणतात आणि हा उपघटक म्हणजे एकच धागा, याचा पुरावा अजून मिळालेला नाही, असं स्पष्ट सांगतात. वॉटसन-क्रिकच्या (डीएनए दोन धाग्यांचा असतो या) प्रतिरूपाशी निकाल जुळतो, एवढंच त्यांचं म्हणणं. तुमच्या लिखाणातली क्रियापदं याच मापाची हवीत: ‘दिसतं’, ‘जुळतं’, ‘सूचित होतं’. ‘सिद्ध होतं’ लिहिण्याआधी दोनदा थांबा.

लिहिताना पेपर बंद ठेवा, नाहीतर त्यांचीच वाक्यं उतरतात. एक पान पुरे: प्रश्न, एका आकृतीचं तुमच्या शब्दांत वर्णन आणि तुम्हाला खरोखर पडलेली एक शंका. आकडे मात्र शेवटी पेपर उघडून ताडून घ्या.