नाकातल्या नळीतून फीड देताना या चुका टाळा

सासूबाईंना लकवा झाला, गिळणं थांबलं आणि नाकात रायल्स ट्यूब (नाकातून पोटापर्यंत जाणारी नळी) घालूनच त्यांना घरी सोडलं. सिस्टरनी दोनदा करून दाखवलं होतं, तरी पहिल्या आठवड्यात आमच्याकडून बऱ्याच चुका झाल्या.

सगळ्यात मोठी चूक घाईची. 50 मिलीच्या सिरिंजमध्ये पेज भरायची आणि दट्ट्या दाबून मोकळं व्हायचं. पोट एकदम ताणलं की उलटी होते आणि आडव्या माणसाची उलटी श्वासनलिकेत जाऊ शकते. दट्ट्या काढून ठेवा. नळी चिमटीत धरून सिरिंजचं नुसतं नळकांडं जोडा, थोडं उंच धरा आणि पेज आपोआप उतरू द्या. 200 मिलीला पंधरा-वीस मिनिटं लागतात, लागू द्या. डोकं आणि पाठ 30 ते 45 अंश वर हवी, फीड संपल्यावरही निदान अर्धा-पाऊण तास. आम्ही मानेखाली दोन उशा कोंबायचो. त्यानं मान तेवढी वाकते, पाठ सपाटच राहते.

दर फीडआधी नाकपुडीपाशी नळीवरची खूण बघा. एका सकाळी ती चार बोटं बाहेर आलेली दिसली. आत सरकवायचा मोह झाला, पण तसं करू नका. फीड थांबवा आणि सिस्टरना बोलवा. नळी पोटातच आहे का हे ठरवताना, नळीतून हवा सोडून पोटावर बुडबुड ऐकण्यावर विसंबू नका, नळी फुप्फुसात असली तरी आवाज येऊ शकतो. पोटातून ओढलेल्या पाण्याचा पीएच (आंबटपणाचं माप, कमी म्हणजे जास्त आंबट) 5.5 किंवा कमी असावा. शंका राहिली तर एक्स-रे.

जुलाब झाले की "हिला फीड सोसत नाही" म्हणून आपण ते पातळ करतो आणि माणूस उपाशी राहतो. आधी बघा, अँटिबायोटिक सुरू आहे का, सिरपमध्ये सॉर्बिटॉल (गोडीसाठी घातलेला, पोट ढिलं करणारा पदार्थ) आहे का, सकाळची पेज दुपारपर्यंत ओट्यावरच होती का. आमच्याकडे ती ओट्यावरच असायची. बद्धकोष्ठ झालं तर पाणी पुरेसं जातंय का, ते डॉक्टरांना विचारा.

नळी तुंबते ती बहुधा थंड होऊन दाट झालेल्या नाचणीनं आणि एकत्र कुटलेल्या गोळ्यांनी. पेज गाळून घ्या. फीडच्या आधी आणि नंतर साधारण 30 मिली कोमट पाणी सोडा, दोन औषधांच्या मधेही थोडं. हळूहळू विरघळणाऱ्या किंवा कोटिंगच्या गोळ्या कुटायच्या नाहीत, पर्याय डॉक्टरांना विचारा. फिट्सची फेनिटॉइन चालू असेल तर फीड आणि औषधात किती अंतर ठेवायचं तेही विचारा. तुंबलीच तर कोमट पाण्यानं हलकेच मागे-पुढे करा. तार घालू नका, जोरही लावू नका.

फीड चालू असताना ठसका लागला, धाप लागली, ओठ निळसर दिसले तर तिथेच थांबवा आणि दवाखाना गाठा. पोट फुगून टणक झालं किंवा कॉफीसारखी उलटी झाली तरीही फीड बंद करा आणि वाट न बघता दवाखाना गाठा.

आणि तोंड. तोंडानं खात नाहीत म्हणून आम्ही दात घासायचे सोडून दिले होते. जिभेवर जाड पांढरा थर साचला, तेव्हा डोळे उघडले. तोंडातले जंतू लाळेबरोबर छातीत उतरतात. आता सकाळ-संध्याकाळ मऊ ब्रश, नंतर पिळलेलं ओलं गॉज, आणि मान एका कुशीला.