डिझेल व्हॅनचं रिमॅपिंग: आधी गाडी तपासा, मग मॅप टाका

व्हॅन भरलेली असली की चढावर एकेक गियर खाली टाकत जायचं, पाय पूर्ण दाबलेला, मागे गाड्यांची रांग लागलेली आणि आपली गाडी काही केल्या ओढत नाही, हे ज्याने भोगलंय त्याच्या डोक्यात रिमॅपिंग कधी ना कधी येतंच. माझ्याही आलं. आणि करून घेतल्यावर सांगतो, मॅप लिहायचं काम सगळ्यात सोपं, त्याच्या आधीची तपासणी खरी महत्त्वाची, आणि लोक नेमकी तीच टाळतात.

आधी रिमॅपमध्ये काय होतं ते समजून घ्या. आजकालच्या डिझेल इंजिनात ऍक्सिलरेटरला काही केबल जोडलेली नसते, तुम्ही पायाने फक्त मागणी करता आणि किती डिझेल, कधी, किती प्रेशरने मारायचं आणि टर्बोने किती हवा द्यायची हे ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा कॉम्प्युटर, ठरवतो. हे आकडे त्याच्या आत तक्त्यांमध्ये भरलेले असतात, त्यालाच मॅप म्हणायचं, आणि ते आकडे बदलणं म्हणजे रिमॅपिंग. टॉर्क लिमिटर (टॉर्क, म्हणजे इंजिनाची फिरवायची ताकद, किती होऊ द्यायची), स्मोक लिमिटर (धूर होऊ नये म्हणून डिझेलवर मर्यादा), बूस्ट (टर्बोने दिलेलं हवेचं प्रेशर), रेल प्रेशर (इंजेक्टरकडे जाणाऱ्या डिझेलचं प्रेशर), इंजेक्शनची वेळ आणि कालावधी, असे कितीतरी तक्ते. कंपनी यात मुद्दाम जागा सोडते कारण तिला खराब डिझेल, उंचावरची विरळ हवा, मालकाचा हलगर्जीपणा सगळं धरून गाडी द्यायची असते. शिवाय एकच इंजिन वेगवेगळ्या पॉवरमध्ये विकलं जातं, उदाहरणार्थ फोर्ड ट्रान्झिटचं २.२ लिटरचं डिझेल इंजिन १००, १२५ आणि १५५ पीएस (हॉर्सपॉवरसारखंच एकक) अशा आकड्यांत आलं होतं. पण म्हणून कमी पॉवरवाल्या गाडीत वरच्या मॉडेलची फाइल आहे तशी टाकायची नाही, कारण बऱ्याचदा टर्बो, इंजेक्टर किंवा क्लच वेगळा असतो आणि ते बाहेरून बघून कळत नाही, पार्ट नंबर जुळवूनच बघावं लागतं.

आता सगळा खेळ ज्यावर चालतो तो हिशोब. डिझेल पूर्ण जळायला एक भाग डिझेलला वजनाने साधारण १४.५ भाग हवा लागते, पण डिझेल इंजिनात तेवढ्यावर भागत नाही, जास्तीची हवा लागतेच, नाहीतर काळा धूर. समजा एका स्ट्रोकला सिलिंडरमध्ये ९०० मिलिग्रॅम हवा जातेय आणि ५० मिलिग्रॅम डिझेल, म्हणजे प्रमाण १८, छान जळतं. आता कोणी नुसतं डिझेल वाढवून ६० केलं तर प्रमाण १५ वर येतं, गाडी जोरात वाटेल पण मागे काळा ढग, आत एक्झॉस्टचं टेंपरेचर चढलेलं आणि डीपीएफ (एक्झॉस्टमधला काजळी अडवणारा फिल्टर) काजळीने भरत चाललेला. तेच ६० मिलिग्रॅम नीट जाळायचं तर हवा १०८० मिलिग्रॅम हवी, म्हणजे टर्बोला जास्त मेहनत, आणि ती मेहनत त्याला झेपणार का हे मॅप करणाऱ्याला माहीत पाहिजे. रिमॅपनंतर धूर काढणारी गाडी पॉवरफुल नसते, तिचा मॅप चुकलेला असतो.

म्हणून पहिलं काम सर्व्हिस. इंजिन ऑइल, एअर फिल्टर, डिझेल फिल्टर बदला, इंजेक्टरचे लीक ऑफ रीडिंग (प्रत्येक इंजेक्टरमधून किती डिझेल परत जातं ते) घ्या, ईजीआर व्हॉल्व्ह (थोडा एक्झॉस्ट परत इंजिनात सोडणारा) चिकटत नाही ना बघा, टर्बोचा शाफ्ट हाताने हलवून बघा. मग स्कॅनर लावून रस्त्यावर लॉगिंग करा, तिसऱ्या किंवा चौथ्या गियरमध्ये १५०० आरपीएमपासून पाय पूर्ण दाबून वरपर्यंत न्यायचं, मोकळ्या रस्त्यावर, स्कॅनर बघायला शेजारी दुसरा माणूस बसवून. मागितलेला बूस्ट आणि मिळालेला बूस्ट, मागितलेलं रेल प्रेशर आणि मिळालेलं, आणि हवेचं वजन, एवढं नोंदवलं तरी पुष्कळ.

माझ्या गाडीत ईसीयू २२०० मिलीबार मागत होता आणि १८५० च्या पुढे आकडा जाईना (यात वातावरणाचे साधारण १००० धरलेले असतात, बंद इंजिनवरही सेन्सर तेवढे दाखवतो). आधी टर्बोच गेला असं वाटून पोटात गोळा आला. खाली घुसून बघितलं तर इंटरकूलरच्या, म्हणजे टर्बोची हवा थंड करणाऱ्या रेडिएटरच्या, होज पाइपला क्लॅम्पच्या अगदी काठाशी बोटाच्या पेराएवढी चीर, भोवती तेलाचा ओलसर काळा डाग, आणि गाडी उभी असताना ती चीर मिटलेली, प्रेशर आलं की उघडणारी. होज बदलला आणि चढावरची अर्धी तक्रार तिथेच संपली, मॅपला हात न लावता. त्या अवस्थेत कोणी बूस्ट वाढवला असता तर गळती भरून काढायला टर्बो आणखी जोरात फिरत राहिला असता आणि मग खरंच गेला असता.

क्लचची टेस्ट पण करा. वरच्या गियरमध्ये कमी आरपीएमवरून पाय दाबा, आरपीएम वर पळाले आणि स्पीड तेवढा वाढला नाही तर क्लच घसरतोय, आधी तो बदला. रिमॅप करताना सांगायचं की मला टॉर्क मधल्या पट्ट्यात हवाय, साधारण १८०० ते ३००० च्या दरम्यान, कारण व्हॅन तिथेच चालते. पॉवर म्हणजे टॉर्क गुणिले आरपीएम भागिले ९५४९, किलोवॅटमध्ये. २००० आरपीएमवर ३०० न्यूटन मीटर म्हणजे ६३ किलोवॅट, तिथेच ३६० मिळाले तर ७५, आणि चढावर गियर न बदलता गाडी निघते ती याच फरकामुळे. ४००० आरपीएमवरचा मोठा आकडा कागदावर छान दिसतो, लोड ओढताना त्याचा फारसा उपयोग नाही. उलट १५०० च्या खाली टॉर्क एकदम चढवणारा मॅप घेऊ नका, सुरुवातीला मजा येते पण कनेक्टिंग रॉड, बेअरिंग आणि ड्युअल मास फ्लायव्हील (इंजिनाचे धक्के शोषणारं दोन भागांचं चाक), सगळ्यांवर तो मार बसतो. आणि गिअरबॉक्स किती टॉर्क झेलू शकतो तेही विचारा, ऑटोमॅटिक असेल तर त्याच्या कंट्रोलरमध्येही मर्यादा असतात.

रेल प्रेशर सेन्सरच्या वायरमध्ये लावायचे रेडीमेड बॉक्स मिळतात, त्यांच्या नादी मी तरी लागणार नाही. ते ईसीयूला प्रेशर कमी असल्याचं खोटं सांगतात, मग तो बिचारा प्रेशर वाढवतो, हवेचा हिशोब मात्र जुनाच राहतो.

ट्यूनरला सरळ विचारा, माझ्याच गाडीतली फाइल वाचून त्यात बदल करणार की सॉफ्टवेअर नंबरवरून दुसरीकडून मागवणार. काही ईसीयूतून ओबीडी पोर्टवरून (स्कॅनर लावायच्या सॉकेटमधून) फाइल पूर्ण वाचता येत नाही, तेव्हा दुसरा रस्ता घेतात, तो चुकीचा नाही पण आपल्याला माहीत असलेला बरा. काही ईसीयू काढून टेबलवर वाचावे लागतात. ओरिजिनल फाइलची कॉपी मागून घ्या आणि दोन ठिकाणी ठेवा. डीपीएफ किंवा ईजीआर कायमचा बंद करून देतो म्हणाला तर नको म्हणा, बऱ्याच देशांत रस्त्यावरच्या गाडीला ते बेकायदा आहे आणि ती काजळी शेवटी कोणाच्या तरी फुप्फुसात जाते.

मॅप ईसीयूत लिहिताना एकच भीती, मध्येच व्होल्टेज पडलं तर ईसीयू अर्धवट लिहिलेला राहतो आणि गाडी जागेवरच मरते. म्हणून बॅटरीला स्थिर व्होल्टेज देणारा सप्लाय लावलेला पाहिजे, नुसत्या गाडीच्या बॅटरीच्या भरवशावर नाही, लाइट, ब्लोअर, म्युझिक सगळं बंद, लॅपटॉप चार्जरवर, आणि काम संपेपर्यंत चावीला कोणी हात लावायचा नाही.

झाल्यावर त्याच रस्त्यावर, त्याच गियरमध्ये परत लॉगिंग करा आणि आधीच्या लॉगशी ताडून बघा. मिळालेला बूस्ट मागणीच्या फार वर उसळतोय, रेल प्रेशर मागे पडतंय किंवा आरशात काळा धूर दिसतोय, यातलं काहीही असेल तर पैसे देऊन निघून येऊ नका, तिथेच दुरुस्त करून घ्या. डायनो (गाडीची पॉवर मोजायचं मशीन) असेल तर आधीचं आणि नंतरचं रीडिंग त्याच डायनोवर, त्याच दिवशी. धडधाकट टर्बो डिझेलला पार्ट न बदलता २० ते ३० टक्के वाढ हा नेहमीचा आकडा आहे, त्याच्या बरंच वर कोणी सांगत असेल तर ते कशाच्या जिवावर हे विचारा. मायलेज तुमच्या पायावर आहे, पहिल्यासारखी चालवली तर थोडंफार वाढू शकतं, नवीन पिकअपची मजा घेत राहिलात तर कमीच होणार.

त्यानंतर ऑइल थोडं लवकर बदलत जा, लांब चढ चढून आल्यावर गाडी लगेच बंद न करता मिनिटभर आयडलला ठेवा म्हणजे टर्बोला थंड व्हायला वेळ मिळतो. इन्शुरन्सवाल्यांना कळवा, नाहीतर नेमका क्लेमच्या वेळी प्रश्न येतो, आणि वॉरंटीत असाल तर ती जाऊ शकते हे धरूनच चला. आणि सर्व्हिसला गाडी देताना सांगून ठेवा की मला न विचारता ईसीयूचं सॉफ्टवेअर अपडेट करू नका, कारण त्या अपडेटमध्ये तुमचा मॅप पुसला जातो, गाडी परत पहिल्यासारखी होते आणि नवा मॅप नव्या सॉफ्टवेअरवर पुन्हा बनवावा लागतो.